हात खाली ठेव

मी लोकांना बोलायला शिकवतो. डोंबिवलीत मानपाड्याला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझा क्लास आहे. खाली झेरॉक्सचं दुकान आहे. तिथे कागदांच्या नकला निघतात, वर माझ्याकडे माणसांच्या. आसपासच्या कारखान्यांतले सुपरवायझर, मुलाखतीला निघालेली मुलं-मुली, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपलं कुणी ऐकत नाही म्हणून चिडलेले एक-दोन निवृत्त गृहस्थ, असा माझा विद्यार्थिवर्ग. तीन महिन्यांत मी त्यांना असं काही घडवतो की ते घरी बोलायला लागले की घरचे विचारतात, बरं नाही का?

माझा पहिला नियम म्हणजे हात खाली. हात टेबलावर, एकावर एक, आणि तिथून हलायचं नाही. हात उडवणारा माणूस गोंधळलेला दिसतो, गावंढळ दिसतो, त्याला नोकरी मिळत नाही. हे मला ठाण्यातल्या ज्या सरांनी शिकवलं, त्यांना कुणी सांगितलं होतं हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हात वर करावा लागला असता.

आता या नियमाच्या प्रचारकाची आई कशी असावी? तर ती हातांनी बोलणारी. ठाण्याला कोपरीत दोन खोल्यांच्या घरात तिने आयुष्यभर ब्लाउज शिवले आणि आयुष्यभर हवेत हात चालवले. 'फडकं पिळून ठेव' एवढं सांगायला ती हवेतलं एक अदृश्य फडकं पिळायची, चांगलं शेवटच्या थेंबापर्यंत. गळा किती खोल हवा हे गिऱ्हाईक बाई तोंडाने सांगायची आणि आई बोटाने हवेत काढून दाखवायची. एखाद्या बाईविषयी 'ती ना, अशी आहे' म्हणून ती दोन बोटं जराशी फिरवायची, की त्या बाईचा स्वभाव, सासर, माहेर, सगळं आलं त्यात. फोनवर बोलतानाही तेच. पलीकडच्याला दिसत नाही हे मी तिला कितीदा सांगितलं. ती म्हणायची, "त्याला कुठे दाखवतेय? माझं मला दिसतंय."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण मी ऐकायला शिकवत नाही, बोलायला शिकवतो.

मला तिच्या हातांची लाज वाटायची. ही गोष्ट कबूल करायला वाईट वाटतं, पण वाटायची. माझ्या लग्नाची बोलणी करायला आम्ही मुलीकडे गेलो, तेव्हा जिना चढतानाच मी तिला सांगितलं, "आई, आत हात खाली ठेव हां. शिकलेली माणसं आहेत." ती आत जाऊन सोफ्यावर बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसून राहिली. दोन तासांत ती 'हो', 'छान' आणि 'चहा नको' एवढंच बोलली. आम्ही निघताना सासरे कौतुकाने म्हणाले, "तुमच्या आई फार शांत आहेत हो." बाहेर आल्यावर आईने हात झटकले. "मुंग्या आल्या रे," म्हणाली. मी हसलो. नंतर हा किस्सा मी क्लासमध्ये कितीतरी वेळा सांगितला, यशोगाथा म्हणून. आईने मात्र तो विषय पुन्हा कधीच काढला नाही, म्हणून मी धरून चाललो की ती विसरली.

गेल्या मार्गशीर्षात आई तिच्याच इमारतीच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. तळव्यापासून कोपरापर्यंत प्लास्टर, बोटं तेवढी बाहेर, हात गळ्यात अडकवलेला. हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की बोटं हलवत राहा. मी तिला डोंबिवलीला माझ्या घरी आणलं. माझा मोठा भाऊ, दादा, कल्याणला राहतो. त्याने तिथून फोनवरून सल्ले देण्याची जबाबदारी उचलली.

आठवडाभरात आईचे शब्द हरवायला लागले.

"अगं, ते दे ना," ती माझ्या बायकोला म्हणायची. "ते... ते गं!" बायकोने झारा दिला, किसणी दिली, शेवटी पोळपाट दिला. हवी होती चाळणी. उजवा हात गळ्यात आणि डावा सतत त्या प्लास्टरखाली आधाराला, अशी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओठ चावायची. जी बाई एका दमात चार घरांच्या बातम्या सांगायची, ती अर्ध्या वाक्यात थांबून भिंतीकडे बघायला लागली. व्हिडिओ कॉलवर दादाने विचारलं की कुणाच्यातरी ब्लाउजचं काय राहिलंय. आई म्हणाली, "फक्त ते राहिलंय, खालच्या कडेला... ते हाताने करतात ते." 'तुरपाई' हा शब्द तिला सापडला नाही. दादाचा चेहरा त्या छोट्या चौकोनात गंभीर झाला.

कॉल संपल्यावर त्याने मला वेगळा फोन केला. मोबाइलवर वाचून वाचून तो दोन दिवसांत जवळपास डॉक्टरच झाला होता. "आई विसरायला लागलीये," तो म्हणाला. "एकटी कशी राहणार? गॅस चालू ठेवून बाहेर जाईल. कोपरीचं घर बंद करू. सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे. मशीन कुणालातरी देऊन टाकू." योजना अगदी नीटनेटकी होती. फक्त आईला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. आई रोज एकच सांगत होती, "हात बरा झाला की मला माझ्या घरी सोड." त्या घरात तिची मशीन होती, तिची नेहमीची गिऱ्हाइकं होती, आणि सकाळी उठल्यावर कुणालाही न विचारता चहा करायची सोय होती. तिला तेवढंच हवं होतं, आणि आता नेमकं तेवढंच जाणार होतं.

ठाण्यातल्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो आणि आई घाबरून एका हाताने भराभर काहीतरी सांगत होती. मी माझं व्यावसायिक ज्ञान वापरलं. "आई, आत शांत बस. हात हलवू नकोस. त्यांना वाटेल तुझा गोंधळ उडालाय." तिने माझ्याकडे बघितलं. आत गेल्यावर खुर्चीत बसली, आणि डावा हात मांडीखाली घेतला.

डॉक्टर भले होते. त्यांनी दिवस, वार, महिना विचारला, आईने सांगितला. मग ते एकेक चित्र दाखवायला लागले. घोडा, आई लगेच म्हणाली. देऊळ. ढग. मग चाळणी आली आणि आई थांबली. कुलूप आलं. "ते... दाराचं," ती म्हणाली. आणि मग कात्री आली.

दादा पुढे झुकला. आईने चाळीस वर्षांत लाखभर वेळा तरी कात्री हातात धरली असेल. ती त्या चित्राकडे बघत होती आणि प्लास्टरच्या बाहेर आलेली तिची दोन बोटं एकमेकांपासून लांब जात होती, जवळ येत होती, पुन्हा लांब जात होती. ते मला दिसलं. मला वाटलं, घाबरलीये बिचारी. मी प्रेमाने माझा तळवा तिच्या बोटांवर ठेवला आणि दाबून धरला. "शांत, आई," मी म्हणालो.

"ते... कापायचं," आई म्हणाली.

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. म्हणाले, आत्ता काही ठरवू नका, दुखणं आहे, गोळ्या चालू आहेत, प्लास्टर निघाल्यावर पुन्हा या. यातलं दादाला किती ऐकू गेलं देव जाणे. रिक्षात तो आई शेजारी बसलेली असताना तीनदा म्हणाला, "कात्री, अरे! कात्री!" आई बाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने मला एवढंच विचारलं, "माझ्या मशीनवर कापड घातलंय ना रे? धूळ बसेल." मी हो म्हटलं. दादाचं ठरलं होतं आणि मीही मान हलवली होती. मान हलवायला माझ्या नियमांत बंदी नाही.

दहा-बारा दिवसांनी, एका दुपारी, मी चहाचा कप घेऊन आईच्या खोलीच्या दाराशी आलो. तिला कोपरीच्या शेजारणीचा फोन आला होता. ही शेजारीण आईकडेच शिवण शिकली. तिला एका ब्लाउजचं काहीतरी जमत नव्हतं. डाव्या हातात फोन धरून आई म्हणत होती, "अगं तो... ते नाही का, बाहीजवळचं... ते... थांब." वैतागून तिने फोन स्पीकरवर टाकला आणि पलंगावर उशीला टेकवून ठेवला. डावा हात मोकळा झाला, तो हवेत गेला, आणि आई बोलायला लागली.

"मुंढ्यात ताण येतोय ना? मग काखेतली शिलाई उसव, अर्धं बोट सोड, आणि आतून तुरपाई कर. मशीन मारू नकोस, चुणी पडेल. अस्तर वेगळं घे."

तिच्या डाव्या हाताने हवेत शिलाई उसवली, कापड सोडलं, सुई टोचली, दोरा ओढला. दोरा ओढताना 'तुरपाई' हा शब्द असा बाहेर आला की जणू तो कधी कुठे गेलाच नव्हता. मी दारातच उभा राहिलो. चहा निवला. मला त्या क्षणी डॉक्टरांची चित्रं एकामागून एक आठवली. घोड्याला आईने जन्मात हात लावला नव्हता आणि ढगाला तर कुणीच लावत नाही. ते शब्द तिला आले. जे जे तिने हाताळलं होतं तेच अडकलं, आणि ते मोकळं करायला जी दोन बोटं धडपडत होती त्यांच्यावर मी हात ठेवला होता.

मला फार लाज वाटली. पण मी शिक्षक आहे, तेव्हा लाजेच्या आधी खात्री करून घेतली.

त्या संध्याकाळी क्लासमध्ये एका सुपरवायझरला म्हटलं, हात टेबलावर ठेवून सांगा, घट्ट बसलेला नट कसा काढता? वीस वर्षं नट काढणारा तो माणूस म्हणाला, "सर, ते... ते लावायचं, आणि मग जरा... ते करायचं." म्हटलं, आता हात सोडा. "पाना लावायचा, आधी थोडं तेल सोडायचं, एकदम झटका नाय द्यायचा, नाहीतर आटे जातात." वर्गात सगळे माझ्याकडे बघायला लागले. सगळ्यांचं असं झालं नाही, हेही सांगतो. एक निवृत्त गृहस्थ हात टेबलावर ठेवूनही वीस मिनिटं बोलले. पण त्यांना अजून कुणीच कशानेही थांबवू शकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एका कामासाठी ठाण्यात गेलो होतो. खोपटला एसटी डेपोबाहेर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी स्टेशनचा रस्ता विचारला. मी मुद्दाम दोन्ही हात खिशात घातले. हा रस्ता मी झोपेत चालू शकतो. "सरळ जा," मी म्हणालो, "मग डावीकडे... नाही, उजवीकडे... म्हणजे तुम्ही इकडून आलात तर..." 'इकडून' म्हणताना खिशातला हात कापड फाडायला निघाला. गृहस्थांनी माझ्या खिशांकडे संशयाने पाहिलं आणि शेजारच्या पानवाल्याकडे वळले. पानवाल्याच्या तोंडात तंबाखू. त्याने एक अक्षर न बोलता हात लांब केला आणि मनगट उजवीकडे वळवलं. गृहस्थ त्याचे आभार मानून गेले. संवाद कौशल्याचा वर्ग कुणी कुणाचा घ्यायला हवा, हे मी तिथे उभं राहून ठरवलं.

दादाला फोन केला. "आईला काही झालेलं नाही. आपण तिचे हात धरून ठेवलेले," मी म्हणालो. 'आपण' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. दोष वाटून घ्यावा हे मी पाचव्या आठवड्यात शिकवतो.

"म्हणजे हात हलवले की आजार जातो?" दादा म्हणाला. "मग सगळी हॉस्पिटलं बंद करून टाळ्या वाजवत बसू या."

त्याने कोपरीच्या घरासाठी मोठं कुलूप आधीच आणून ठेवलं होतं.

प्लास्टर निघालं तेव्हा आईचा हात बारीक, कोरडा आणि आखडलेला निघाला. आम्ही तिघं पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. आई खुर्चीत बसली आणि कुणी न सांगताच दोन्ही हात मांड्यांखाली घ्यायला लागली. दादा म्हणाला, "हां, बरोबर. शांत बस."

"नको," मी म्हणालो. "हात वर घे, आई. हलव हवे तेवढे." माझा आवाज जरा चढलाच. मग मी डॉक्टरांना सांगितलं की मागच्या वेळी मीच तिला हात हलवू नकोस म्हणून बजावलं होतं, आणि बोटंही धरली होती. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे त्याच वेळी सांगायचं ना," ते म्हणाले, आणि चित्रांची चळत पुन्हा पुढे घेतली.

चाळणीचं चित्र आलं. आईचे दोन्ही हात उठले, हवेत डावी-उजवीकडे हलले. "चाळणी. पण रव्याची आहे, पिठाची नाही. भोकं बघा केवढी." कुलपावर मनगट वळताना तिला कळ आली, तरी शब्द आला. मग कात्री. दोन आखडलेली बोटं हळूहळू लांब झाली आणि मिटली. मी माझे हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते, पुन्हा मदतीला धावू नयेत म्हणून.

"कात्री," आई म्हणाली. "कागदाची दिसतेय. कापडाला चालायची नाही."

डॉक्टर हसले. हात हलवल्याने विसरण्याचा आजार बरा होतो असं कुणी समजू नका, हे त्यांनी दादाकडे बघून सांगितलं. पण काही जणांचे शब्द हातांबरोबर येतात, आणि अशा माणसाचे हात बांधून परीक्षा घेणं म्हणजे चष्मा काढून वाचायला सांगणं. शिवाय दुखणं, गोळ्या, परकं घर. वर्षाने एकदा दाखवून जा म्हणाले. घर बंद करण्यासारखं त्यांना काही दिसलं नाही. "मग वर्षभराने बघू," दादा म्हणाला. आईने नुसता हात हवेत झटकला, माशी उडवावी तसा. त्याचं शब्दांत काय होतं ते मी इथे लिहीत नाही.

मी तिला थेट कोपरीला घेऊन गेलो. तिची पिशवी माझ्या हातात होती. दार तिनेच उघडलं, डाव्या हाताने, दोनदा किल्ली चुकवून. मी मध्ये पडलो नाही. आत जाऊन तिने मशीनवरचं कापड काढलं, झटकलं, आणि चाक एकदा फिरवून त्याचा आवाज ऐकला. मग खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, "उभा का? बस की."

मला बोलायचं होतं. माफी कशी मागावी यावर मी एक पूर्ण तास घेतो. तीन वाक्यांत मागायची असते, ती तिन्ही वाक्यं मला पाठ आहेत. मी पिशवीच्या बंदावर हात ठेवले, एकावर एक, आणि तोंड उघडलं.

"आई, ते..."

"काय ते?"

"त्या दिवशी, डॉक्टरांकडे... मी ते..." पुढे काही येईना. आईला महिनाभर कसं वाटत असेल, ते मला तेव्हा कळलं. मी पिशवी खाली ठेवली. हात मोकळा झाला आणि आपोआप कानाकडे गेला. मी कान धरला.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

आईने तो बारीक झालेला उजवा हात उचलला आणि माझ्या दुसऱ्या कानाकडे बोट केलं.

"हा झाला डॉक्टरांकडचा," ती म्हणाली. "आणि तुझ्या सासऱ्यांच्या सोफ्यावरचा?"

मी दुसरा कान धरला.